आपट्यावरची मादी

शिंगं डोक्यावर नसतात. हे एक वाक्य मी नांदेडच्या कॉलेजात सगळी नोकरी शिकवलं आणि दरवर्षी परीक्षेत निम्म्या वर्गानं शिंगं डोक्यावरच काढली. फळ्यावर मी आकृती काढायची, बाण दाखवायची, चिडायची. पोरं मान डोलवायची. पेपरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. दावणीला गाय उभी असते, तिची शिंगं डोक्यावर असतात, मग किड्यानं काय वेगळं करायचं?

किडा तुरीच्या दाण्याएवढा. रंग बाभळीच्या सालीचा. तुरीच्या नाहीतर बाभळीच्या कोवळ्या फांदीवर चिकटून बसलेला असतो, आणि बोट नेलं की टणकन उडून जातो. इंग्रजी पुस्तकात त्याला काऊ बग म्हणतात. आमच्याकडं काही पोरं नंदी म्हणतात, बाकीचे काहीच म्हणत नाहीत. त्याच्या मानेमागं पाठीची पहिली ढाल असते. इतर किड्यांत ती गप गुमान आपल्या जागी राहते. याच्यात ती वाढतच सुटते. दोन्ही खांद्यांवर दोन शिंगं काढते आणि मागं एक लांब काटा, पार पंखांवरून पोटाच्या टोकापर्यंत. डोकं बिचारं खाली दडपलेलं, वरून पाहिलं तर दिसतही नाही. त्या डोक्याला सुईसारखी सोंड, ती फांदीत खुपसून रस पीत बसायचं. शिंगं आतून पोकळ. ती कशासाठी असतात, तर काट्यासारखं दिसून पाखरांना फसवायला, असं बरेच जण म्हणतात. खरं कारण कुणालाच नक्की माहीत नाही. पोरांना हे सांगितलं की ती नाराज व्हायची. त्यांना पेपरात लिहायला उत्तर हवं असायचं.

मी किड्यांवर काम करते म्हटल्यावर लोक दोनच प्रश्न विचारत. औषध कोणतं मारायचं, आणि हे करून मिळतं काय. दुसऱ्याचं उत्तर मला कधीच देता आलं नाही. पहिल्याचं दिलं, तर लोक रुसले.

हदगावकडचे मारोतराव एकदा तुरीचे शेंडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, एसटीनं, थेट आमच्या स्टाफरूममध्ये हजर झाले. टेबलावर पिशवी ठेवून तिचं तोंड सोडलं. क्षणात सगळी खोली किड्यांनी आणि मुंगळ्यांनी भरली. इंग्रजीचे सर खुर्चीवर चढले, ते तास संपल्याची घंटा होईपर्यंत खाली उतरले नाहीत.

"लई झाले मॅडम," मारोतराव म्हणाले. "मुंगळे बी संगं घेऊन आले. टोळीच हाय. औषध सांगा."

मी समजावलं. किड्याची पिल्लं रस पितात आणि मागून गोड थेंब टाकतात. तो गोडवा चाटायला मुंगळे येतात आणि बदल्यात पिल्लांची राखण करतात. तुरीचं यानं फारसं बिघडत नाही. फवारू नका, राहू द्या.

"म्हंजी काहीच करू नको?"

"काहीच करू नका."

त्यांनी माझ्याकडं, मग भिंतीवरच्या तक्त्यांकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "काहीच करू नको, हे सांगाया इतक्या शिकल्या व्हय तुमी?"

पिशवी उचलून गेले. नंतर त्यांनी फवारलंच असणार.

माहूरला देवीच्या वाटेवर कुंकू-बांगड्यांचं दुकान असलेला एक माणूस तर वेगळाच. त्याला हे किडे बाटलीत घालून भाविकांना विकायचे होते आणि हा डोंगरावरचाच खास नंदी आहे, असं माझ्या सहीनं लिहून हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, हा बाभळीवर सगळीकडं मिळतो, लातूरकडं माझ्या भावाच्या बांधावरसुद्धा." तो म्हणाला, "मंग तसं नका लिवू." मी काहीच लिहिलं नाही. त्यानं चहा पाजला तेवढा मी प्यायले.

आता मूळ गोष्ट सांगते. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. दिवाळीची सुट्टी होती. भाऊबीजेला रेणापूरला भावाकडं पोचलं म्हणजे झालं, तोवर मी मोकळी. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, याची चर्चा बाकीच्यांनी पुरेशी केली आहे. हदगावहून माहूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी मी उतरले, कारण एसटीच्या खिडकीतून तुरीच्या बांधावर आपट्याचं एक बुटकं झाड दिसलं होतं. आपटा सगळा ओरबाडलेला. पानं आणि शेंडे गायब, खालच्या जाड फांद्या तेवढ्या उरलेल्या. त्यातल्या एका फांदीवर एक मादी बसली होती.

मी बोट नेलं. ती उडाली नाही. या मादीची तीच खूण, फांदीला चीर पाडून तीत अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून राहते. मुंगी आली की पाय झाडते, पंख फडफडवते, पण जागा सोडत नाही. मी भिंग लावलं. नेहमीच्या जातीची शिंगं बाजूला फाकलेली, लांब, टोकदार असतात. हिची आखूड, सरळ वर उभी, टोकाला चपटी. असं शिंग मी कुठल्याच पुस्तकात, कुठल्याच पेटीत पाहिलं नव्हतं.

"काय शोधून राहिल्या बाई?" मागून आवाज आला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, माझ्याहून बरीच मोठी बाई. तिचंच शेत. गयाबाई.

मी तिच्या डोळ्यापुढं भिंग धरलं. तिनं भारा खाली टाकला आणि बराच वेळ पाहिलं. "बसली हाय की ती. बसलेलीला काहून उचलता?"

मी उचलली. कामच तसं आहे. बाटलीत औषधाचा बोळा असतो, त्यात किडा लगेच शांत होतो. मग त्रिकोणी कागदाच्या टोकावर डिंकानं चिकटवायचा, टाचणी टोचायची, खाली गाव आणि झाड लिहायचं.

आमच्या धंद्यात किड्याचं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द आडनावासारखा, नातेवाइकांत सामाईक. दुसरा त्याचा स्वतःचा. नवी जात सापडली तर दुसरा शब्द शोधणाऱ्यानं द्यायचा. गावाचा द्या, झाडाचा द्या, कुणा माणसाचा द्या, फक्त स्वतःचं नाव द्यायचं नाही. तसा कुठं कायदा नाही, पण देणाऱ्याला लोक हसतात. गयाबाईनं विचारलं, "नाव काय ठेवता हिचं?" मी आनंदात होते. म्हटलं, "तुमचं."

पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की शेजारच्या शेतातल्या बाया धावत आल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, की मास्तरीणबाई गयाबाईचं नाव किड्याला देऊन राहिली. मी मात्र चेष्टा केली नव्हती. तिनंही ती चेष्टा मानली नव्हती, हे पुढं कळलं.

मादी घेऊन मी लांबच्या शहरातल्या एका संग्रहालयात गेले. तिथं एक वृद्ध सर होते, या किड्यांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढीचनात. मग म्हणाले, "बाई, वेगळी दिसते. पण दिसण्यावरून नाव देत नाहीत. नर आणा."

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. शिंगांवर भरवसा ठेवता येत नाही, एकाच आईच्या पिल्लांतसुद्धा ती कमीजास्त होतात. खरी ओळख नराच्या पोटात असते. पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवायचं. मांस विरघळतं, समागमाचा अवयव तेवढा उरतो, केसाच्या टोकाएवढा. तो ग्लिसरिनच्या थेंबात सुईनं फिरवत पाहायचा. कुलपाची किल्ली पाहावी तसा. प्रत्येक जातीचा वेगळा. तो वेगळा निघाला तर जात वेगळी, नाहीतर शिंगं कितीही नखऱ्याची असोत, काही उपयोग नाही.

तर मला नर हवा होता. स्टाफरूमला विषय मिळाला. "मॅडमना अजून नर सापडेना का हो?" हसून घ्यायचे सगळे. मीही हसायची. खोलीवर गेल्यावर हसू यायचं नाही.

दर दिवाळीला गयाबाईच्या बांधावर जायचं हे ठरूनच गेलं. एखाद-दुसरी उभ्या शिंगांची मादी मिळायची, अंड्यांवर बसलेली. नर कधीच नाही. शेजारच्या तुरीवर पिढीमागून पिढी निघत असते, तिथं नेहमीच्या जातीचे नर ढिगानं होते. त्यांच्याकडं मी पाहायचीही नाही. नर थोडे दिवस जगतो, फांदीवर पोट थरथरवून मादीला हाक देतो, ती हाक लाकडातून जाते, आपल्याला ऐकू येत नाही. मादी भेटली की त्याचं काम संपलं. म्हणजे मला उशीर होत होता, हे कळत होतं. पावसाळ्यात रविवार गाठून गेले तर नुसती पिल्लं. पिल्लं सगळ्या जातींची सारखीच दिसतात. बाटलीत घालून नांदेडला आणली, ती मेली.

उरला मधला काळ, नवरात्राचा. त्या दिवसांत माहूरच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते आणि मला गर्दी सोसत नाही. खरं सांगायचं तर मला सणच सोसत नसत. दसऱ्याला संध्याकाळी लोक सहकुटुंब सोनं द्यायला निघतात. कुणी आलं तर परत आपण कुणाकडं जायचं, एकटीनं, कुणाबरोबर? मी दाराला आतून कडी लावून दिवा बारीक करून वाचत बसायची. दिवाळी त्यामानानं सोपी, सगळे आपापल्या घरात असतात.

गयाबाई फराळाचं ताट झाकून ठेवायची. "घावला का?" हा तिचा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की म्हणायची, "घावंल. मी कुठं मरून राहिले इतक्यात."

ती गेली ते मला दहावं झाल्यावर कळलं. तिची सून सुमन, तिनं फोन केला. रडत नव्हती, रडून झालं होतं. "आधी कुणालाच सुचलं न्हाई मॅडम, तुमाला सांगायचं." बरोबरच होतं. मी तिची कोण लागत होते? फोन ठेवून मी वर्गावर गेले आणि तास घेतला. पण त्या दिवशी आकृती काढताना शिंगं मीच डोक्यावर काढली. एका मुलीनं दाखवून दिलं.

संग्रहालयातले सरही गेले. मी निवृत्त झाले. निरोपाला शाल-नारळ मिळाला आणि मागितला म्हणून भंगारात निघालेला जुना मायक्रोस्कोपही मिळाला. रेणापूरला भावाकडं राहायचं ठरत होतं, पण माझ्या पेट्यांच्या डांबरगोळ्यांच्या वासानं वहिनीचं डोकं दुखतं. मग लातुरात फ्लॅट घेतला. शेजारी चांगले आहेत. लिफ्टमध्ये भेटतात, विचारपूस करतात. आठवड्यात काही दिवस असे जातात की दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही. तक्रार नाही करत, सवय कामाची आहे. पण कामात एकटं असणं वेगळं आणि काम संपल्यावरचं वेगळं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाजीला म्हणून गंजगोलाईच्या बाजारात गेले. जागोजागी आपट्याच्या फांद्यांचे ढीग. मी कधी त्या दिवशी बाजारात गेलेच नव्हते. हाताला खोड असते, एक शेंडा उचलून उलटा केला. कोवळ्या सालीवर अंड्यांच्या चिरा होत्या, आणि पानाखाली एक रिकामी कात, पिल्लू नुकतंच मोठं होऊन निघून गेल्याची.

मी तिथंच बसले, भाजीवालीच्या पोत्यावर. इतकी वर्षं ओरबाडलेला आपटा पाहत होते आणि तो कुणी, कधी ओरबाडला हे कधी मनातच आलं नाही. सगळा मुलूख दसऱ्याला आपटा तोडतो. माझे नर त्या शेंड्यांवर असणार. शेंडे जायचे सोन्यात, किडे उधळून जायचे, आणि मी मागाहून दिवाळीला जाऊन जाड फांद्या तपासायची. प्राणिशास्त्राची बाई! दसऱ्याला दार लावून बसणारीशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

त्या साली उशीर झाला होता. पुढचं वर्ष कसंबसं काढलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता, तो मी दसऱ्यापलीकडं ढकलला. सुमनला फोन केला, "मी येईपर्यंत आपट्याला हात लावू देऊ नकोस."

माहूरच्या गाडीत नांदेडपासून उभी होते. एका बाईनं तिच्या मांडीवरचं लेकरू माझ्या हातात दिलं आणि स्वतः सरकून टेकायपुरती जागा केली. लेकरू माझ्या खांद्यावर झोपलं. हदगाव आल्याचं मला कळलंच नाही.

बांधावर सुमनचा नवरा बालाजी कोयता घेऊन तयार. माहूरला सोनं विकायला न्यायचं होतं. "लवकर आटपा मॅडम, टेम्पो थांबून राहिला." मी पांढरी चादर अंथरली. म्हटलं, एकेक फांदी तोडायची, पण टेम्पोत टाकायच्या आधी चादरीवर आपटायची. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. पहिली फांदी आपटली आणि किडे पडले. दुसरी आपटली. बायका जमल्या, माणसं जमली, जो तो ओरडायला लागला. "हा घ्या!" "अगं पळाला, धर!" "मॅडम, ह्यो नर हाय का बघा." "तुला बघून काय कळतंय, सरक!" मी नळीनं किडे बाटलीत ओढून घेत होते, हसत होते. माझ्या कामात माझ्या अवतीभवती इतकी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते. फार आनंद झाला होता मला.

नर मिळाले. भरपूर मिळाले.

चादरीवर मला आणखी एक दिसलं होतं. उभ्या शिंगांचे आणि फाकलेल्या शिंगांचे किडे एकाच फांदीवरून पडत होते. तुरीवरून आले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

सुमननं डबा बांधून दिला. सासूला ती आत्याबाई म्हणायची. एसटीपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "आत्याबाईचं नाव लागंल ना आता? मी पोरींना सांगून ठेवलंय. शाळेच्या पुस्तकात येईल का हो?"

"बघू," म्हटलं.

लातुरात आल्यावर दुसऱ्या दिवशी भर उजेडात खिडकीशी बसले. उभ्या शिंगांचा नर घेतला. टोक कापलं, पोटॅशमध्ये ठेवलं, धुतलं, ग्लिसरिनमध्ये उतरवलं. एक डोळा जास्त धूसर, दुसऱ्यानं पाहिलं. मग दुसरा नर कापला. तिसरा. मग फाकलेल्या शिंगांचा. सगळे सारखे. तुरीवर, बाभळीवर, भावाच्या बांधावर जी जात पोत्यानं मिळते, तिचीच किल्ली. आपट्यावर वाढल्यावर काहींची शिंगं आखूड होत असावीत, एवढंच. नवी जात नव्हती. कधीच नव्हती.

मला राग आला. कुणावर, ते कळेना. सांगायला सर नव्हते, ते असते तर "बरं झालं, कळलं" म्हणाले असते. गयाबाई नव्हती. मी उठून चहा केला आणि तो ओट्यावर तसाच निवला. संध्याकाळी दाराची घंटा वाजली, वरच्या मजल्यावरचं जोडपं उशिराचं सोनं घेऊन आलं होतं. मी घेतलं, दिलं काहीच नाही, घरात नव्हतंच.

रात्रीच्या आत एक काम उरकलं. पहिली मादी, इतकी वर्षं वेगळ्या पेटीत एकटी ठेवलेली, तिची टाचणी काढली आणि नेहमीच्या जातीच्या रांगेत, बाकीच्यांत लावली. चिठ्ठीवर जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं नाव लिहिलं.

सुमनला फोन करायला मात्र जीव होईना. दिवस लोटत गेले. शेवटी तिचाच आला.

"घावला का नर? तोच हाय का?"

"नर मिळाला सुमन. पण ती नवी जात नाही. तुरीवरचीच आहे."

मागं कुणीतरी भांडी घासत होतं.

"मंग आत्याबाईचं नाव..."

"नाही लागणार. मी द्यायला नको होतं ते वचन. माझं चुकलं."

"जाऊ द्या," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मंग तुमी येणार न्हाई का आता?"

खरंच, कशाला जायचं होतं आता? नर मिळाला होता, काम संपलं होतं.

"येईन की," म्हटलं.

"किडे तर संपले. कशाला येता मंग?"

"काही नाही. उगीच."

"मंग उगीच या," ती म्हणाली. "दिवाळीला ताट झाकून ठेवते." आणि फोन ठेवला.

कामासाठी मला पुष्कळांनी बोलावलं, औषध विचारायला, पेपर तपासायला, सत्काराला खुर्ची भरायला. उगीच या, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.